पन्नास मीटरच्या आत

"लिफ्टमध्ये माणूस अडकला की त्याला पहिल्यांदा काय विचारायचं, माहितेय?" लॉईड म्हणाला. "जेवलात का. घाबरलेला माणूस जेवण आठवायला लागला की जरा ताळ्यावर येतो."

"मग विचार ना मला."

"जेवलीस का गं बाय?"

"एक खाचापुरी. एवढी मोठी चीजची रोटी, आणि तू नावात पुरी आहे म्हणून दोन हाणल्यास."

जॉर्जियातल्या एका डोंगराळ गावात, हॉटेलच्या जुन्या लिफ्टमध्ये आम्ही दोन मजल्यांच्या मध्ये लटकलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी शर्यत सुरू होणार होती. डोंगरात धावायचं, सायकल चालवायची, नदीतून कयाक वल्हवत न्यायची, सगळं जोडीने. जोडीदारांत पन्नास मीटरपेक्षा जास्त अंतर पडता कामा नये, आणि एक थांबला की दुसराही बाद.

लॉईड मरोळ गावठाणातला लिफ्ट मेकॅनिक, सेहेचाळीस वर्षांचा. अंधेरीच्या टॉवरांत अडकलेल्यांना बाहेर काढण्यात त्याची उमर गेली होती. परदेशात तो पहिल्यांदाच येत होता. मी मुलुंडची, केमिस्ट्री शिकलेली. गोरेगावच्या लॅबमध्ये या शर्यतीसाठी रजा मिळेना, म्हणून नोकरी सोडून आले होते. दर रविवारी आम्ही बोरिवलीच्या नॅशनल पार्कात धावायचो. चढावर मी दमले की लॉईड कमरेचा रबरी दोर माझ्या पट्ट्यात अडकवायचा आणि मला ओढत न्यायचा.

बाहेरून खडखड झाली. हॉटेलच्या मालकीणबाईंनी चावीने दार उघडलं. व्हरांडा कमरेइतका खाली होता आणि लिफ्टच्या तळाखाली काळीकुट्ट पोकळी.

"उडी मारायची नाही, जान्हवी," लॉईडने माझा दंड धरला. "पाय त्या पोकळीत गेला की खेळ खलास."

त्याने खाणाखुणा करून बाईंना एक जड टेबल पोकळीला भिडवून ठेवायला लावलं. मी पाठमोरी होऊन त्यावर उतरले आणि खाली उडी मारली.

"ये आता."

"मी बसतो इथेच. मेकॅनिक येऊ दे."

"अरे, मेकॅनिक तूच ना?"

"इथला येऊ दे. त्यांची लिफ्ट, त्यांचे नियम."

तो माझ्याकडे नाही, टेबलाकडे बघत होता. टेबल ते जमीन एवढ्या अंतराकडे.

वाटेत इस्तंबूलच्या विमानतळावर बंद पडलेला सरकता जिना तो पाठमोरा उतरला होता. "पोटऱ्या ताणतोय," म्हणाला होता. विमानात त्याने कडेची सीट मागून घेतली आणि डावा पाय सरळ ठेवला. मी हे सगळं पाहिलं होतं, पण एकाशेजारी एक ठेवून पाहिलं नव्हतं.

"लॉईड," मी म्हटलं, "जेवलास का?"

तो हसला. मग हसायचा थांबला.

"कुठला गुडघा?"

"डावा. माउंट मेरीच्या जत्रेपासून. टेप लावली की चालतो गं. चढ तर मी तुझ्या आधी चढतो. फक्त उतारावर वाट लागते."

"जेवढं चढू तेवढं उतरायचंय रे. बोलला का नाहीस?"

"तू नोकरी सोडलीस. मग कुठल्या तोंडाने बोलणार?"

मी व्हरांड्यात उभी होते, पण सुटल्यासारखं वाटत नव्हतं. 'चल' म्हटलं तर त्याचा गुडघा जाणार होता. 'नको' म्हटलं तर तो इतक्या लांब आला ते माझ्या एका शब्दाने संपणार होतं.

"पहिला डोंगर करू," तो म्हणाला. "मग बघू ना."

"आणि वर अडकलास तर? तिथे तुला जेवलास का विचारायला मी एकटीच असणार."

त्याने पुन्हा एकदा टेबलाकडे पाहिलं. मग वळला, पोटावर टेकून मागे सरकला आणि उजवा पाय खाली सोडला. मी त्याचा घोटा धरून पाऊल टेबलावर टेकवलं. मग दुसरं.

जमिनीवर आल्यावर त्याने पँट झटकली. "आयोजकांना मी सांगतो, आमची नावं काढा म्हणून. तू गप्प राहा, नाहीतर रडशील."

"तूच रडशील."

"बरं, मग दोघं जाऊ. पन्नास मीटरच्या आत."

आयोजकांचं ऑफिस उताराच्या तळाशी होतं. इतर जोड्या हसत, धावत आमच्या शेजारून खाली जात होत्या. लॉईड क्षणभर थांबला, मग सगळ्यांदेखत त्याने उताराकडे पाठ केली आणि मागे मागे उतरायला लागला. मी त्याच्याकडे तोंड करून चालत राहिले, एका हाताच्या अंतरावर, त्याच्या पाठीमागची वाट बघत.

"दगड आहे. थोडं डावीकडे. हां. आता पायरी."