घटाची माती

"कामाच्या पाळीवरनं येताना घटाला माती आणा. आपल्याच रानातली, काय?" बाळाबाईनं रिकामी पाटी नवऱ्याच्या हातात दिली. "दुसऱ्याची चालत न्हाय देवीला."

मष्णूनं मान हलवली. बायकोपुढं मान हलवण्यात त्याचा हात धरणारा गावात कुणी नव्हता.

त्याचं रान निपाणीच्या अलीकडं, हमरस्त्याला लागून. तेल शोधणाऱ्या कंपनीनं ते भाड्यानं घेतलं आणि यंत्र लावून पार पाताळापर्यंत भोक पाडलं. तेल काही लागलं नाही. यंत्र गेलं, उपसलेला करडा गाळ मात्र रानभर पसरून राहिला. भोवती काटेरी तार आली आणि पहारेकरी म्हणून कंपनीनं मष्णूलाच नेमलं. स्वतःच्या रानात स्वतःची म्हैस शिरू नये म्हणून पगार घेणारा माणूस पंचक्रोशीत तो एकटाच असेल.

मातीचे नमुने न्यायला आलेल्या साहेबानं त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "या गाळात क्षार आहेत, खोलातले भारी धातू आहेत, एरवी सहसा सापडत नाहीत असलेही. तुझ्या हयातीत इथं काही पेरू नकोस. आणि हे बाहेर बोललास तर नोकरी जाईल."

नोकरीचं एक वेळ सोडा. पण बाळाबाईला कसं सांगायचं? कंपनी गेली की शाळू पेरायचा, एवढ्या एका आशेवर ती दिवस काढत होती.

संध्याकाळी मष्णूनं तारेआडची माती उचलली, हुंगली आणि टाकून दिली. बांधापलीकडं रवळूचं रान होतं. तिथली पाटीभर माती घेताना त्यानं देवीची मनोमन माफी मागितली.

घट उगवला तो हिरवागार. शेजारणी बघायला आल्या.

"बघितलासा?" बाळाबाई हरखून गेली. "जित्ती हाय आपली माती!"

तिला इतकं आनंदलेलं त्यानं कैक वर्षांत पाहिलं नव्हतं. आणि तो आनंद चोरीचा होता.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ती ओटीत शाळूचं बी घेऊन फाटकाशी आली.

"उघडा. कडंकडंनं चार वळी पेरते. देवीनंच कौल दिलाय."

"न्हाय जमायचं."

"का?"

सगळं सांगून टाकावं असं त्याला फार वाटलं. तोंडातून निघालं ते भलतंच.

"साहेबाचा हुकूम न्हाय."

"साहेब कुठला? रान कुणाचं हाय?"

"हुकूम न्हाय म्हंतो न्हवं! जा घरला!"

तिनं फाटकावरचा हात काढून घेतला.

"तुमी इतकं त्यांचं झाला असाल, वाटलं न्हवतं मला."

आपल्याला गुलाम समजली तरी चालेल, रान मेलंय हे तिला कळायला नको, असं मष्णूनं मनाला बजावलं.

ती वळली तसे ओटीतले मूठभर दाणे रस्त्यावर सांडले. दाण्याला पाय लागला तरी हात जोडणारी ती बाई, पण वेचायला थांबली नाही. मष्णूला वाटलं, पळत जावं, दाणे गोळा करून तिच्या ओटीत घालावेत. पण समोर गेलो तर सगळं बोलून बसू, या भीतीनं तो फाटक धरून आतच उभा राहिला.