केरू सोडून सगळे गेले

“तयार साचे आले तेव्हा आमच्यातले निम्मे हातकारागीर घरी बसले गो. जावयाला सांग, कंप्युटरचे पण येतील.” पेणला गणपतीचा कारखाना चालवणारे माझे महिपतीकाका म्हणाले होते. मी हसले. कंप्युटर म्हणजे काय शाडूची माती आहे?

माझा नवरा सुशील रोह्याच्या एका केमिकल कंपनीत टेंपररी प्रोग्रॅमर. कामगारांच्या हजेरीचा, पगाराचा सगळा प्रोग्रॅम त्यानं लिहिलेला. यंदा श्रावणात सबनीस साहेबांनी मुंबईहून तयार पॅकेज आणलं आणि सुशीलला सांगितलं, गणपतीनंतर येऊ नका. कडेवर वर्षाची लेक किमया. माझी झोपच उडाली.

गणपतीला आम्ही पेणला, माझ्या माहेरी. विसर्जन झालं आणि शेजारच्या शकूताईंकडे सुशीलला साहेबांचा फोन आला. मी कान लावून उभी.

“सुशील, लगेच ये! मी नोकरीत नाही!”

“मी पण नाही, साहेब.”

“अरे, थट्टा नाही! कंप्युटर म्हणतो, सगळे नोकरी सोडून गेले! कुणाचाच पगार निघत नाही!”

सुशील मटकन बसला आणि हसायलाच लागला. आमच्याकडे गणपतीची रजा कोणी अर्ज करून घेत नाही, ती असतेच. त्याच्या प्रोग्रॅमला ते ठाऊक होतं. मुंबईच्या पॅकेजला काय ठाऊक? सलग आठवडाभर आला नाही, की नाव कट. साहेब स्वतः सावंतवाडीला मोदक खात होते, तेही कट.

“मग उरलंय कोण?”

“केरू वॉचमन!”

केरूच्या घरी सुतक होतं. गणपती नाही, म्हणून तो एकटाच कामावर आला होता.

मी सुशीलला चिमटा काढला. “आधी कायम करा म्हणावं!”

“साहेब, कायमची ऑर्डर टाईप करून ठेवा. निघालोच.”

“टाईप कोण करणार? टायपिस्ट पण गेलीय! हातानं लिहितो, बाबा!”

शकूताई पदर तोंडात कोंबून हसत होत्या. मी किमयाला घेऊन ओटीवर गरागरा फिरले.

सुशील मिळेल त्या एसटीनं गेला, कायम झाला. किमयाला सर्दी, म्हणून मी अजून इथंच. काल फोनवर तो नुसता खिदळत होता. कुणी कोलाडवरून रोह्याकडे निघालात, तर वाटेत वरसे गावात आमच्या खोलीवर डोकावा हो. जेवतोय ना बघा. आणि ती ऑर्डर कपाटात ठेवलीय, की आनंदाच्या भरात तिच्यातच पेढे बांधून वाटतोय, तेही बघा.