मला न मोजता आलेला समुद्र

अकरा उशा, सहा टॉवेल, दोन छत्र्या, चहाच्या चार पुड्या, साखरेच्या आठ पुड्या, समुद्राकडे उघडणारं एक काचेचं दार आणि तीन माणसं. त्या खोलीत इतकं होतं. टेबलावर चष्म्याच्या डबीशेजारी मीही होतो. मित्रांनो, मी एक जुना क्षारमापक आहे.

दिसायला मी जाड पेनासारखा. माझ्या टोकाला धातूचे दोन बारीक खिळे आहेत. ते पाण्यात बुडवले की पाण्यात क्षार किती आहेत ते माझ्या पडद्यावर आकड्यात उमटतं. आकडा लहान तर पाणी गोडं, मोठा तर खारं. मला चार चपटे सेल लागतात. महिन्यातून एकदा मला एका छोट्या बाटलीतल्या द्रावणात बुडवावं लागतं. त्या द्रावणाचा आकडा आधीच ठाऊक असतो, १.४१३. मी तो बरोबर दाखवला की मी खरा. एवढ्या वर्षांत मी फार तर शेवटच्या अंकात चुकलो आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण माझ्यावर विश्वास ठेवायला एका माणसाला तीन वर्षं लागली, आणि ठेवला तेव्हा त्याने तो भलत्याच कामी लावला.

तो माणूस म्हणजे आष्ट्याचे लालासाहेब, सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. माझी मालकीण संयोगिता ही त्यांची मुलगी. तिने रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि आता ती कराडच्या एका प्रयोगशाळेत नोकरी करते. शनिवारी ती घरी आली की मी तिच्या पर्समधून थेट खालच्या रानात जातो. खालचं रान म्हणजे ओढ्याकडेची दोन एकर काळी जमीन. तिथे ऊस असतो. लालासाहेब त्याला पाटाने पाणी सोडतात, सरी तुडुंब भरेपर्यंत. कोरडी सरी त्यांना बघवत नाही.

मापायची पद्धत साधी आहे. एक वाटी माती, अडीच वाट्या शुद्ध पाणी, नीट ढवळायचं, गाळ बसू द्यायचा आणि मग मला बुडवायचं. पहिल्या वर्षी आकडा १.२ आला. दुसऱ्या वर्षी १.६. तिसऱ्या वर्षी २.१. एकच्या आत असावा, असं संयोगिता सांगते. उसात नांग्या पडायला लागल्या होत्या. रोपं न उगवल्याने मध्येमध्ये सरी मोकळी राहते, तिला नांगी म्हणतात. उन्हाळ्यात वरंब्यांवर पांढरी पूड दिसायची.

"आबा, खालचं पाणी बाहेर काढल्याशिवाय हे थांबायचं न्हाई," ती म्हणायची. "चार फुटांवर भोकं पाडलेला पाइप पुरायचा आणि ओढ्याला सोडायचा. जुलैतल्या आडसाली ऊस लागणीच्या आत झालं पायजे."

लालासाहेब चिमूटभर माती उचलून जिभेवर ठेवायचे. थुंकायचे. "जरा तुरट हाय. खारट न्हाई. माझ्या रानाचं पोट फाडायचं न्हाई, सांगून ठेवतो."

मी २.१ दाखवत असायचो. जीभ जिंकायची. मित्रांनो, तुमचा पाढा बरोबर असताना कुणी तुम्हाला खाली बसवलं, तर कसं वाटतं? तसं मला तीन वर्षं वाटत होतं.

आता त्या खोलीकडे येतो. संयोगिताचा धाकटा भाऊ वीरधवल परदेशातल्या एका बेटावर, समुद्रकाठच्या गोल्फ रिसॉर्टमध्ये स्वयंपाकघरात काम करतो. तिथल्या नोकरांच्या घरच्यांना वर्षातून एकदा चार रात्री फुकट राहता येतं. जानेवारीत लालासाहेब, त्यांची बायको अंजना आणि संयोगिता तिकडे गेले. विमानतळापासून गाडीने एक तास आणि मग लाँचने चाळीस मिनिटं. लाँच आठवड्यातून दोनदाच. बाहेर दुकान नाही, गाव नाही, रस्ता संपतो तिथे वाळू. संयोगिताने मला का नेलं, ते मला ठाऊक नाही. बहुधा पर्समधून काढायचं राहिलं.

लालासाहेब पहिल्याच सकाळी वैतागले. वीरधवलची पाळी दुपारपासून रात्रीपर्यंत, त्यामुळे ज्याला भेटायला आले तो दिसेना. चहा म्हणजे कोमट पाण्यात पुडी. पेपर नाही. बोलायला माणूस नाही.

"आवं, जरा बसा की निवांत," अंजनाबाई म्हणाल्या.

"बसून काय करू? चार दिवस कैदेत टाकल्यासारखं झालंय. आन् ह्या उशा बघ. माणसं तीन, उशा अकरा! बाकीच्या आठ कुणाच्या डोक्याखाली?"

दुसऱ्या दिवशी तिघं पाण्यात उतरले. गुडघाभर पाण्यात उभं राहून संयोगिताने सहज पर्समधून मला काढलं आणि समुद्रात बुडवलं.

इथे माझ्या आयुष्यातली सर्वांत वाईट गोष्ट घडली. माझी पट्टी वीसपर्यंतच आहे. शेताला आणि विहिरीला तेवढी खूप होते. समुद्राचा आकडा पन्नासच्याही पुढे. मी काय दाखवणार? पडद्यावर एक आडवी रेघ आली.

लालासाहेब वाकून बघत होते. आधी त्यांना कळेना. मग ते एवढ्या मोठ्याने हसले की शेजारची दोन गोरी माणसं वळून बघायला लागली.

"अगं अंजना, हिकडं ये! हिचं यंत्र बघ. समुद्र खारट हाय, एवढंबी त्येला कळंना!"

"आबा, ते तसं न्हाई. ह्येची पट्टी..."

"पट्टी न्हाई आन् बिट्टी न्हाई! तीन वर्षं मला भ्या दाखवतीया. आरं, ज्येला समुद्र कळंना, त्येला माझं रान काय कळणार?"

संयोगिताने मला गोड्या पाण्याने धुतलं, पुसलं आणि टेबलावर ठेवलं. ती रागावली की फार व्यवस्थित वागते. आडवी रेघ म्हणजे चूक नव्हे. "हे माझ्या पट्टीबाहेर आहे" असं मी प्रामाणिकपणे सांगितलं होतं. पण रेघेला शब्द नसतात.

तिसऱ्या दिवशी लालासाहेब सकाळीच गोल्फच्या मैदानावर फिरायला गेले. आल्यावर त्यांच्या बोलण्यात फक्त गवत होतं. समुद्राला लागून तीस-चाळीस एकर गवत, सगळं एका उंचीचं, आणि त्यात एक जनावर नाही. "दोन म्हशी सोडल्या असत्या तर काय शोभा आली असती! एवढं रान त्या चिमणीच्या अंड्यासाठी?" पण अंजनाबाई पुढे काही विचारणार तोच ते थांबले. त्यांनी टेबलावरून मला उचललं, खिशात घातलं आणि पुन्हा बाहेर पडले. संयोगिता तेव्हा आंघोळीला गेली होती.

गवताच्या कडेला एक माणूस गवताखालची माती पाण्यात कालवलेली बादली घेऊन बसला होता. त्याचं नाव सेल्वम. मैदानाची सगळी देखभाल त्याच्याकडे. त्याच्या हातात माझ्यासारखाच क्षारमापक होता, माझ्यापेक्षा नवा. सकाळी तो पाहिला होता, म्हणूनच लालासाहेब मला न्यायला खोलीवर परत आले होते.

"भाई, ये हमारा वाला," लालासाहेब लष्करी हिंदीत म्हणाले. "समंदर में डाला तो लकीर मारता है। खराब है क्या?"

सेल्वमने मला घेतलं, आपल्या क्षारमापकाशेजारी त्याच बादलीत बुडवलं. त्याचा आकडा २.३. माझा आकडा २.३.

"सर, आपका एकदम सही। समंदर का मीटर अलग आता।"

लालासाहेबांनी दोन्ही पडदे तीनदा पाहिले. मग एखाद्या जवानाला उगाच शिक्षा झाल्याचं समजावं तसा त्यांचा चेहरा झाला. त्यांनी मला सदऱ्याला पुसलं. मित्रांनो, मी त्या क्षणी किती सुखावलो ते सांगता येत नाही. ते सुख जेमतेम दोन मिनिटं टिकलं.

"फिर इतना नमक में घास हरा कैसे?"

"पानी, सर। हर हफ्ते एक दिन भारी पानी। नमक धुल के नीचे जाता। और नीचे..."

तेवढ्यात सेल्वमच्या कमरेचा वॉकीटॉकी खरखरला. कुठेतरी फवारा अडकला होता. तो बादली तशीच टाकून आपल्या छोट्या गाडीत बसला आणि जाता जाता ओरडला, "नीचे पाइप है, सर! पाइप से बाहर!"

लालासाहेबांनी हात हलवला. "समझ गया, समझ गया!"

त्यांना फक्त पहिला अर्धा भाग समजला होता. पाणी दिलं की मीठ धुऊन जातं. हे वाक्य त्यांना गेली तीन वर्षं ऐकायचं होतं. दुसरा अर्धा भाग मी ऐकला होता, पण माझ्याजवळ आकड्यांखेरीज काही नाही. संध्याकाळी त्यांनी मला गुपचूप टेबलावर ठेवलं. संयोगिताने विचारलं, "आबा, कुठं नेलावता ह्येला?" ते म्हणाले, "काय न्हाई. त्येची चूक न्हवती." तिला वाटलं, वडील नमले. मी तिथेच पडून होतो, आणि ओरडू शकत नव्हतो.

फेब्रुवारीत लालासाहेबांनी खालच्या रानात सलग दोन दिवस मोटर चालवली. ऊस तुटून गेला होता, रान मोकळं होतं. त्याचं तळं झालं. शनिवारी संयोगिता आली तेव्हा बांधावर उभी राहून बघतच राहिली.

"आबा, ह्ये काय केलंसा?"

"धुतलं! आता मोज तुझ्या यंत्रानं. आता माझा त्येच्यावर इस्वास हाय."

आठ दिवसांनी, पाणी जिरल्यावर, तिने माती घेतली, ढवळली, मला बुडवलं. १.५.

"बघ! दोनाच्या खाली आला का न्हाई?"

मी खोटं बोललो नव्हतो. वरच्या वीतभर मातीत त्या दिवशी १.५च होता. पण काळी माती पाणी धरून ठेवते. क्षार कुठेही गेले नव्हते, थोडे खाली सरकले होते आणि खालच्या पाण्याची पातळी वर आली होती. ऊन पडलं की तेच पाणी क्षार घेऊन वर येणार होतं. संयोगिताने हे सांगितलं. तिचा आवाज चढला.

"तिथं वाळू हाय, आबा! आन् खाली पाइप असणार. हितं पाणी जाणार कुठं?"

"त्यो माणूस चाळीस एकर सांभाळतो. तू एक बादली तरी सांभाळलीस का? मोजला आन् आकडा खाली आला, तर त्येबी चालंना!"

दोन महिने बापलेकीत कामापुरतंच बोलणं झालं. मी पर्समध्ये होतो. माझ्याच आकड्याने माझ्या मालकिणीला हरवलं, याचा मला जो संताप आला तो अजून गेलेला नाही.

एप्रिलच्या अखेरीस एका शनिवारी लालासाहेबांनी स्वतःच तिला हाक मारली. वरंब्यांवर पांढरा थर होता, चपलेखाली चुरचुरणारा. या वेळी माती त्यांनी उकरली, वाटीने त्यांनीच मोजली, ढवळली त्यांनी. मला बुडवलंही त्यांनीच. ३.२.

त्यांनी दुसऱ्या जागेची माती घेतली. ३.२. तिसऱ्या जागेची ३.३. मग त्यांनी चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि बराच वेळ थुंकले नाहीत.

संयोगिताने वीरधवलला फोन लावला, वीरधवलने सेल्वमला फोन दिला.

"सर, नीचे पाइप है ना आपके उधर?" सेल्वमने पहिलाच प्रश्न विचारला. "मैं बोला था। पाइप नहीं तो पानी मत देना, सर।"

फोन स्पीकरवर होता. अंजनाबाई पाट्यावर शेंगदाणे वाटत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "पोरगी तीन वर्षं ह्येच सांगतीया. तिला समुद्रापल्याड जाऊन फोन कराया पायजे हुता, मंग ऐकलं असतं."

लालासाहेब उठून बाहेर गेले. थोड्या वेळाने ते टेप घेऊन परत आले. "चार फूट म्हणालीस न्हवं? चल, आखून दे."

मे महिन्यात खणायच्या यंत्राने चर खणला. भोकांच्या पाइपला जाळी गुंडाळली, ओढ्याकडे उतार दिला. उतार संयोगिताने पाणी भरलेल्या नळीने पातळी धरून तीनदा तपासला. माती परत लोटल्यावर विहिरीचं पाणी बेताने सोडलं. चौथ्या दिवशी ओढ्याच्या काठावर, पाइपाच्या तोंडाशी, बापलेक मला घेऊन पाण्याची वाट पाहत बसली होती.

मित्रांनो, माझे खिळे आता झिजले आहेत आणि पडद्याचा एक कोपरा काळा पडला आहे. माझ्यासारखं एखादं यंत्र तुमच्या शाळेत असेल, तर वापरून झाल्यावर त्याला धुवा, पुसा, महिन्याला तपासा. आणि त्याने आकडा दिला, तर तो कुठला, कधीचा आणि किती खोलीचा हे विचारल्याशिवाय उठू नका. आम्ही विचारल्याखेरीज सांगू शकत नाही. अर्ध्या उत्तराने आलेली चीड यंत्राला कुणाजवळ बोलताही येत नाही.

पाइपातून आधी गढूळ थेंब आले, मग करंगळीएवढी धार. संयोगिताने वाटी धरली. लालासाहेबांनी मला बुडवलं आणि आकडा स्थिर होऊ दिला. मग रानातून किती मीठ बाहेर पडतंय ते कळावं म्हणून तिने दोन्ही आकडे वहीत लिहिले.

विहिरीतून रानात सोडलेलं पाणी: ०.९.

पाइपातून बाहेर आलेलं पाणी: ९.४.