गवंड्याचा खांदा आणि माझे तीन दिवस

मी एक पंप आहे, पण पाणी उपसणारा नव्हे. संत्र्याएवढा रबरी फुगा आणि त्याला दोऱ्यासारखी बारीक नळी, असा माझा देह. फुग्यात बधिर करणारं औषध भरायचं आणि शस्त्रक्रियेनंतर ते थेंबथेंब दुखऱ्या जागी सोडायचं, एवढंच माझं काम.

माझ्या वाट्याला एक गवंडी आला. तिशीचा, छताचा गिलावा करण्यात हातखंडा असलेला. उजवा खांदा सारखा निखळायचा, म्हणून दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी माझी नळी थेट सांध्यात ठेवली.

शुद्धीवर येताच तो बायकोला म्हणाला, "अगं, दुखतच नाहीये. उगाच घाबरवलं सगळ्यांनी."

दोन दिवसांनी सिस्टर नळी काढायला आली, तर म्हणाला, "राहू द्या की अजून एक दिवस." डॉक्टरांनी मला पुन्हा भरलं. खरं सांगतो, मी तेव्हा फुशारलो होतो.

माझं काम संपलं तेव्हा बायकोने मला फेकू दिलं नाही. धुऊन कपाटात ठेवलं. "याच्यामुळे यांना झोप लागली," म्हणाली.

पाचव्या महिन्यात कपाटात मला आवाज ऐकू येऊ लागला. तो शर्ट चढवायचा आणि खांद्यातून करकर यायची. पुढे हात कानापर्यंतही जाईना.

डॉक्टरांनी नवा एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि जुन्याशी ताडून पाहिला. बायकोने पिशवीतून मला काढून टेबलावर ठेवलं.

"साहेब, याच्यामुळे झालं का?"

थाप मारून वेळ मारून नेता आली असती. ते म्हणाले, "बहुतेक हो. हाडांच्या टोकांवर कूर्चेचं गुळगुळीत अस्तर असतं. ते या औषधात बुडून राहिलं की मरतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पण पुन्हा भरलं ते मीच."

"मागितलं मी होतं," गवंडी हळूच म्हणाला. "ते अस्तर परत येतं का?"

"नाही."

दोघांनीही दोष आपापल्याकडे ओढून घेतला. तीन दिवस आत झिरपत होतो तो मी मात्र गप्प होतो.

तो आता छताला हात लावत नाही. खाली बसून, जमेल तशा फरश्या बसवतो. मी डॉक्टरांच्या टेबलावर असतो. शस्त्रक्रियेआधी कुणी "दुखेल का?" असं विचारलं, की मला हातात घेऊन ते सांगतात, "थोडं दुखेल. गोळ्या देऊ, पण सांध्यात नळी सोडणार नाही."

पलीकडच्या खोलीत एखादा रुग्ण कण्हतो, आणि मला हायसं वाटतं. असं वाटू नये, माझा जन्म त्यासाठी नव्हता. पण वाटतं.