लव्हॉनची जाडी मार्था आणि हार्लनचं कुंपण

"मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही," ऑरिन डर्क्स म्हणाला, आणि दालचिनीचा गोड रोल चिलीच्या, म्हणजे खिम्याच्या तिखट रश्श्यात बुडवून त्याने मुद्दाम मोठा घास घेतला, म्हणजे लोकांना ताटकळावं लागावं. घास गिळून तो पुढे म्हणाला, "आणि ज्याचा बसेल, त्याला मी माझ्या शेजारी रॉकेटची मोटर भरायला बसू देणार नाही."

धान्याच्या गोदामाला लागून असलेल्या त्या हॉलमध्ये हशा पिकला. रॉकेट क्लबचं वसंतातलं जेवण होतं. माणसं दिवसभर कुरणात रॉकेटं उडवून आली होती. सगळ्यांच्या कपाळावर टोपीची पांढरी रेघ आणि नखांत काजळी होती. निम्म्या लोकांनी ही गोष्ट पूर्वी ऐकलेली होती. पण ऑरिनची गोष्ट रॉकेटच्या मोटरींसारखीच असते, दर वर्षी एक अक्षर वर चढते आणि जोर दुप्पट होतो, हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून तेही खुर्च्या ओढून पुढे सरकले.

जिची ही गोष्ट, ती लव्हॉन श्राग समोरच बसली होती. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात तिची उभी हयात गेलेली. स्वतःचं कौतुक चाललेलं असताना मान खाली घालणाऱ्यांतली ती नव्हती. सांगणाऱ्याचं काही राहून गेलं तर आठवण करून द्यायची. तिने या वर्षी आग्रह करकरून हार्लन केनलाही जेवायला आणलं होतं. क्लब ज्या कुरणात उडवतो ते कुरण हार्लनचं, पण जेवणाला तो आजवर कधी फिरकला नव्हता. दाराजवळची खुर्ची धरून, हॅट गुडघ्यावर ठेवून, वाढलेलं सगळं तो मुकाट्याने संपवत होता.

ऑरिनने सुरुवात केली ती लव्हॉनच्या त्या उड्डाणाच्या आधीच्या शरदापासून. तेव्हा कुणाच्या तरी रॉकेटची खाली उतरायची छत्रीच उघडली नव्हती. ते नाक खाली करून आलं आणि कुंपणाचा खांब रोवावा तसं जमिनीत रुतलं. गायीला ओरखडासुद्धा आला नाही, पण हार्लनच्या गाभण कालवडी अशा उधळल्या की त्यांनी कुंपण घेऊनच पळ काढला. ऑरिनच्या म्हणण्याप्रमाणे त्यातली एक अजून पळते आहे, कोलोरॅडोत लोकांना अधूनमधून दिसते.

दुसऱ्या दिवशी हार्लन क्लबच्या टेबलापाशी आला आणि त्याने आपलं म्हणणं सांगितलं. उत्तरेच्या कुंपणाच्या अलीकडे काय वाट्टेल ते करा. पलीकडे माझ्या गायी वितात. पलीकडे एक जरी वस्तू पडली तरी फाटकाला कुलूप लागेल. आणि पलीकडे पडलेलं पलीकडेच राहील, कुंपणावर कोणी पाय ठेवायचा नाही. एवढं बोलून तो गेला. ऑरिन म्हणाला की एवढे शब्द तर हार्लनने आपल्या लग्नातही खर्च केले नव्हते. सगळे दाराकडे बघून हसले. हार्लनने कॉफीचा घोट घेतला.

हसण्यावारी नेण्यासारखी ती गोष्ट नव्हती. विजेच्या तारा नाहीत, रस्ता नाही, घर नाही, आणि उंच उडवायची परवानगी आहे, असं दुसरं कुरण आसपास मिळणार नव्हतं. फाटक लागलं की क्लब संपला.

आणि नेमकं त्याच वसंतात लव्हॉनला तिसरी पायरी चढायची होती.

नव्या मंडळींसाठी ऑरिनने पायऱ्या समजावून दिल्या. मोटरींना अक्षरं असतात, आणि पुढच्या अक्षराची मोटर आधीच्या अक्षराच्या दुप्पट जोराची. एच मोटर उडवली की माणसाला वाटतं आपण मोठे झालो. 'जे' अक्षराची उडवली की कळतं, कालपर्यंत आपण लहान होतो. तिसरी पायरी उघडते एम अक्षराला, आणि तिथे दोन परीक्षक लागतात. रॉकेट वर गेलं पाहिजे, छत्री उघडली पाहिजे, आणि पुन्हा उडवता येईल अशा अवस्थेत ते परीक्षकांना दाखवलं पाहिजे. हरवलं तर नापास, मोडलं तर नापास. त्या दोन परीक्षकांतला एक ऑरिन होता.

रॉकेटचं नाव जाडी मार्था. उंचीला ऑरिनपेक्षा हातभर जास्त, आणि पोटाला म्हणाल तर ऑरिनच्या बरोबरीची. दोन हिवाळे लव्हॉनने ती शेडमध्ये, कापणीच्या कंबाइन यंत्राशेजारी बसून बांधली होती. शेपटाकडचे पंख अंगाला जिथे जोडले होते तिथे तिने इपॉक्सी गोंदाची अशी गोलाई दिली होती की दिवा धरला तर उजेड एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे न अडखळता वाहत जायचा. परीक्षक म्हणून ऑरिनने त्या जोडावरून अंगठ्याचं नख फिरवलं. खोट काढायचीच म्हणून फिरवलं, पुन्हा फिरवलं. नख कुठेच अडकलं नाही. आजवर त्याने शेकड्यांनी रॉकेटं तपासली होती, पण तपासून झाल्यावर हात मागे घेऊ नये असं त्याला एकदाच वाटलं होतं. गोष्टीच्या या भागात ऑरिनने कधी काही वाढवून सांगितलं नाही. त्याची गरजच नव्हती.

उड्डाणाच्या सकाळी दक्षिणेचा वारा सुटला. म्हणजे थेट गायींच्या दिशेने.

"वारा असा होता," ऑरिन म्हणाला, "की ड्वाइट पेनरने जांभई दिली आणि ती पुरी केली तिसऱ्याच माणसाने."

ड्वाइट पेनर म्हणजे गावचा दंतवैद्य. तो तिथेच बसला होता आणि आपला यात उल्लेख झाला याचा त्याला आनंदच झाला. त्याने आठवण करून दिली की लव्हॉनकडे त्या दिवशी दोन मोटरी होत्या. दोन्ही एमच, दोन्ही मार्थाच्या नळकांड्यात बसणाऱ्या. एक लाल ज्वाळेची, सावकाश जळणारी. दुसरी पांढऱ्या ज्वाळेची, एका दणक्यात जळून मोकळी होणारी. पेनरने तिला लालच लावायला सांगितलं होतं. दोन हिवाळे घासलेत ते काय डोळ्याचं पातं लवेपर्यंत टिकणाऱ्या जाळासाठी? लाल लाव बाई, लोकांना जरा वर बघत राहू दे.

लव्हॉनलाही लालच हवी होती. शेडमध्ये तिने ती कपाटात वरच्या फळीवर ठेवली होती आणि पाहुण्यांना काढून दाखवायची. पण ती गाडीच्या मागच्या फळीवर बसली, सँडविच खाल्लं, आणि खाता खाता गवताकडे बघत राहिली. गवत कसं लवतं, किती वेळ लवलेलं राहतं, मध्ये उसंत कितीची मिळते. मग तिने पेनरला सांगितलं ते ऑरिनने सगळ्यांना पुन्हा सांगितलं. रॉकेट ज्या उभ्या पट्टीला लावून सोडतात, तिच्यावरून लाल मोटर डुलत डुलत सुटणार. तेवढ्यात वारा तिचं शेपूट ढकलणार आणि नाक वाऱ्याकडे वळणार. वर ती जळत राहणार, उंच जाणार, आणि जेवढी उंच जाईल तेवढं आभाळ तिला उतरताना वाऱ्याबरोबर कापावं लागणार, तेही उत्तरेकडे. पांढरीचं तसं नाही. वाऱ्याला पत्ता लागायच्या आत ती पट्टी सोडते. लवकर विझते, आणि मग मार्थाचं पोटच हवेत ब्रेक लावतं. फार उंच जात नाही. मार्था जाडी केली ती काय हौसेने?

मग ती उठली, मार्थात बसवलेली लाल मोटर काढली आणि पांढरी भरायला बसली.

"लाल लोकांसाठी आहे," ती म्हणाली. "पांढरी गायींसाठी."

हे तिने त्या हॉलमध्येही पुन्हा एकदा म्हणून दाखवलं, कारण ऑरिनने सांगताना त्यातला जोर काढून टाकला होता, असं तिचं मत पडलं.

मग मार्था उडाली. कुरणात बसलेल्यांना आधी पांढरा लखलखाट दिसला, मग आवाज आला, आणि तो कानाने नाही तर बरगड्यांनी ऐकू आला. वारा होता तिथेच राहिला आणि मार्था त्याच्यामधून निघून गेली. ओळंबा लावावा तशी सरळ. धुराची रेघ वाऱ्याने वाकवली तोवर मार्था तिच्या कितीतरी वर होती. परीक्षकाने तोंड मिटून बघायचं असतं. ऑरिनचं उघडंच राहिलं होतं.

पण मोटर बदलायच्या गडबडीत लव्हॉनच्या हातून एक चूक झाली होती. मार्थाच्या पोटात दोन छत्र्या. अगदी वर पोचल्यावर लहान उघडायची, म्हणजे ती झपाट्याने खाली यावी आणि वाऱ्याला फार वेळ सापडू नये. जमीन जवळ आली की मग मोठी. तोवर नाकाची टोपी जागेवर राहावी म्हणून तिला नायलॉनचे बारीक स्क्रू लावतात. चार लावायचे, तिने दोन लावले. शेडमधल्या चाचणीत दोन पुरले होते. वर लहान छत्रीने हिसका दिला, दोन्ही स्क्रू तुटले, टोपी निघाली, आणि तंबूएवढी नारिंगी छत्री आभाळाच्या माथ्यावरच फुलली.

ती उत्तरेकडे निघाली. घाई न करता, एखादी बाई चर्चमधून घरी चालत जावी तशी.

पेनरने हॅट काढली. लव्हॉन उत्तरेकडे चालायला लागली, आणि ऑरिन तिच्यामागे निघाला. दोन हिवाळे, तिसरी पायरी, कुरण, क्लब, सगळं त्या नारिंगी ठिपक्याखाली लोंबकळत होतं, आणि ठिपका कुंपणाच्या रोखाने उतरत होता. उंचवट्याआड तो दिसेनासा झाला.

इथे ऑरिनने चमचा खाली ठेवला. खरं म्हणजे पुढे काय झालं ते त्यालाही कधी कळलं नव्हतं. लव्हॉनबरोबर उंचवटा ओलांडून तो गेला तेव्हा मार्था कुंपणाच्या अलीकडे पडलेली होती. अलीकडे, गवतात, अंगावर ओरखडा नाही. वारा तसाच उत्तरेकडे वाहत होता. लव्हॉनने तिच्याकडे पाहिलं, कुंपणाकडे पाहिलं, आणि पास का नापास एवढंच विचारलं. त्याने पास लिहिलं. पण ते कोडं त्याच्या डोक्यातून गेलं नाही, आणि ज्या माणसाला कारण सापडत नाही त्याने ते बनवायला काय हरकत आहे? पहिल्या वर्षी त्याने वाऱ्यालाच लाज वाटायला लावून मागे फिरवलं होतं. पुढे एक वावटळ आणली. या वर्षी त्याच्याकडे क्रौंच पक्षी होते.

"चाळीस हजार क्रौंच," तो म्हणाला. "उत्तरेला प्लॅट नदीकडे चालले होते. त्यांच्या म्होरक्याने छत्री पाहिली. लव्हॉनने बांधलेली वस्तू आहे, गायींत पडू देणं बरं नाही, हे त्या पक्ष्यालासुद्धा कळलं."

पेनरने विचारलं की क्रौंचाला लव्हॉन कशी माहीत. ऑरिन म्हणाला की तिच्या दुकानाच्या छपरावरूनच तर त्यांचा रस्ता जातो. मग त्या पक्ष्यांनी छत्रीच्या दोऱ्या चोचीत कशा धरल्या, वाऱ्याच्या विरुद्ध पंख मारताना त्यातल्या कित्येकांची पिसं कशी उलटी झाली, आणि ती अजून तशीच असल्यामुळे ते पक्षी आता पाठमोरे कसे उडतात, ते त्याने साग्रसंगीत सांगितलं. मार्था त्यांनी गवतावर अशी ठेवली, जसं झोपलेलं मूल पाळण्यात ठेवावं. हॉल हसत होता. लव्हॉन डोळे पुसत होती.

"आणि पुरावा मागाल तर आहे," ऑरिन म्हणाला. "मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. आभाळातून पडलेली छत्री कशी असते? गुंता. वाऱ्यात तर ती फरफटत जाते. पण ही घडी घातलेली होती. नीट, चौकोनी, मार्थाच्या अंगाखाली दाबून ठेवलेली, म्हणजे उडू नये. आता ते काम चाळीस हजार पक्ष्यांनी केलं नाही तर कोणी केलं?"

हशा ओसरला तेव्हा दाराजवळ खुर्ची सरकल्याचा आवाज आला. हार्लन केन उभा राहिला होता. त्याने हॅट डोक्यावर ठेवली, मग जेवणाच्या जागी आहोत हे आठवून पुन्हा काढली.

"खोटं आहे हे, ऑरिन," तो म्हणाला. "ती माझ्या बाजूला पडली होती. चांगली आत, गायींच्या मधोमध. एकीनेही चरायचं थांबवलं नाही. तेवढं सरळ वर गेलेलं मी जन्मात काही पाहिलं नव्हतं, म्हणून मी ती कुंपणावरून उचलून अलीकडे ठेवली. आणि घडी मी घातली. क्रौंचांना घडी घालता येत नाही."