शिंप्याच्या नावाची बाटली

दारूच्या दुकानाचा परवाना वहिनींच्या नावावर होता, पण नवरा गेल्यापासून गल्ल्यावर बसायचे ते त्यांचे धाकटे दीर. अनोळखी पोरगं आलं की दीर वयाचा दाखला मागत, कायदा ऐकवत आणि हाकलून देत. ओळखीच्यांना मात्र सगळं माफ. शिंप्याची पोर "बाबांनी मागवलीय" म्हणाली, की बाटली कागदात गुंडाळून तिच्या हातात. घरच्यासारख्या माणसांना कसला आलाय कायदा!

त्या दुपारी वहिनी शिवायला टाकलेले पडदे आणायला शिंप्याकडे गेल्या. शिंपीण खुशीत होती. नवऱ्याने मागच्या हिवाळ्यात पोरीच्या डोक्यावर हात ठेवून दारू सोडली, तेव्हापासून थेंबाला शिवला नाही, असं तिने कौतुकाने सांगितलं. कालच दिरांनी त्या पोरीला बाटली दिली होती, वहिनींच्या डोळ्यांदेखत. पोर दहावीतली. मग बाटल्या जात होत्या कुणाच्या घशात?

वहिनींनी दुकानात परतून हे सांगितलं, तसा दिरांनी कपाळाला हात लावला. यापुढे तिला देणार नाही म्हणाले, पण झाकली मूठ सव्वा लाखाची. शिंप्याने तक्रार केली तर दुकानाला टाळं लागेल, मग दोन्ही घरांनी खायचं काय? ते काही खोटं नव्हतं. वहिनींची मुलगीही याच दुकानाच्या जोरावर शिकत होती. भीती वाटली त्यांना, चांगलीच वाटली.

"भाऊजी, परवाना माझा आहे," चपला पायात सरकवत त्या म्हणाल्या. "काल मला ठाऊक नव्हतं. आज कळूनही गप्प बसले, तर ती बाटली मीच दिल्यासारखी होईल."

पुन्हा शिंप्याकडे जाऊन वहिनींनी आडपडदा न ठेवता त्याला सगळं सांगितलं. तक्रार करायची तर माझ्या नावावर करा, असंही सांगितलं. शिंप्याने मशीन थांबवलं. शिंपीण आतून येऊन दारात उभी राहिली.

"तिला तुमच्या दुकानाची वाट कुणी दाखवली, ठाऊक आहे?" शिंपी खाली मान घालून म्हणाला. "दुसरीत होती. मला उठवत नव्हतं, म्हणून मीच पाठवली."

वहिनींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"उठा मग," त्या म्हणाल्या. "शाळा सुटेल इतक्यात. तिला रागवायचं नाही. आधी आपण दोघांनी माफी मागायची."