बारा कुंड्या आणि मीठपाणी

"महिन्यातून एकदा, प्रत्येक कुंडीला एक घोट पाणी. बस्स. आणखी काही करायचं नाही," झेंझी म्हणाली.

"कळलं," तिचा नवरा योडोक म्हणाला.

"काय कळलं ते सांग."

"महिन्यातून एकदा एक घोट."

"आणि?"

"आणि काही नाही."

"ते 'काही नाही' तुला जमेल का, याचीच मला धास्ती आहे बघ," असे म्हणून झेंझी काठी टेकत लेकीच्या गाडीत बसली. जानेवारी महिना होता. गुडघ्याचे ऑपरेशन, मग तीन आठवडे व्यायामाचे केंद्र, आणि मग घरातले जिने चढता येईपर्यंत खोऱ्याबाहेर ब्रेगेन्झ शहरात लेकीकडे मुक्काम. म्हणजे एप्रिलपर्यंत योडोक आणि तळघरातल्या बारा कुंड्या एकमेकांच्या हवाली.

झेंझीची धास्ती उगीच नव्हती. योडोकने अडतीस वर्षे डेअरीच्या तळघरात चीजची मोठी, गोल चाके सांभाळली होती. दर दोन दिवसांनी प्रत्येक चाक उलटायचे, मीठपाण्यात बुडवलेल्या फडक्याने पुसायचे, परत फळीवर ठेवायचे. निवृत्त होऊन सहा वर्षे झाली, तरी त्याचे हात काही निवृत्त झाले नव्हते. एका हिवाळ्यात त्याने माळ्यावरच्या गाईंच्या घंटा घासून लख्ख केल्या. घरात गाय एकही नव्हती. दुसऱ्या हिवाळ्यात झेंझीच्या मसाल्याच्या बाटल्या उंचीप्रमाणे लावून ठेवल्या, आणि ती बिचारी दिवसभर जिरे शोधत बसली. स्वस्थ बसणे ही गोष्ट त्याला कोणी शिकवलीच नव्हती.

आणि हिवाळ्यातल्या जिरेनियमला तर स्वस्थपणाशिवाय दुसरे काही लागत नाही. ऑक्टोबरात पहिले हिव पडायच्या आत झेंझी बारा कुंड्या सज्ज्यावरून उतरवायची, फांद्या वीतभर ठेवून छाटायची, पाने खुडायची आणि तळघरातल्या बारक्या खिडकीखाली रांगेने मांडून ठेवायची. बघणाऱ्याला वाटावे, या बाईने कुंड्यांतून काटक्या साठवल्या आहेत. त्या काटक्या झोपलेल्या असायच्या.

बारांतली अकरा रोपे बाजारातली. बारावे निळ्या कुंडीतले, ते झेंझीच्या आईचे. फिकट गुलाबी पाकळी आणि तिच्या कडेला लाल द्राक्षदारूच्या रंगाची बारीक दोऱ्यासारखी रेघ. असे फूल कुठल्या रोपवाटिकेत मिळत नव्हते. आईने ते लग्नात दिले होते. आई जाऊन तीस वर्षे झाली, वरच्या वस्तीवरचे घर विकले गेले, भांडीकुंडी भावंडांत वाटली गेली. झेंझीकडे आईचे म्हणून राहिले ते एवढेच. जुलैत ते फुलले की ती सकाळी कॉफीचा पेला घेऊन त्याच्यापाशी उभी राहायची, आणि तेवढी पाच मिनिटे तिच्याशी कोणी बोलायचे नाही. योडोकसुद्धा नाही.

पहिला आठवडा योडोकने नुसते पाहून काढला. दुसऱ्या आठवड्यात त्याच्या नाकाला तळघरातली हवा फार कोरडी वाटली. चीजला असल्या हवेत भेगा पडतात. त्याने झेंझीने बोटभर उघडी ठेवलेली खिडकी घट्ट लावून घेतली आणि दोरीवर ओली पोती टांगली. तिसऱ्या आठवड्यापासून तो दर दोन दिवसांनी कुंड्या पाव फेरा फिरवू लागला. फेब्रुवारी लागला तशी काटक्यांवर राखाडी लव दिसू लागली.

दुसऱ्या कोणाच्या तोंडचे पाणी पळाले असते. योडोकला मात्र जुना ओळखीचा माणूस भेटल्यासारखा आनंद झाला. बुरशी! अडतीस वर्षे तिच्याशीच तर कुस्ती खेळलो. तिचे औषध त्याला झोपेतही ठाऊक होते. बादलीत मीठपाणी केले, फडके बुडवले, आणि एकेक काटकी वरपासून खालपर्यंत प्रेमाने पुसून काढली. दोन दिवसांनी पुन्हा. मग पुन्हा. फडक्यातले पाणी टपटप कुंडीत पडत होते, तेही त्याला बरेच वाटले. निळ्या कुंडीला तो नेहमी शेवटचे आणि सगळ्यांत सावकाश पुसायचा.

"झोपलीत का रे माझी बाळं?" झेंझी फोनवर विचारायची.

"गाढ," योडोक छाती फुगवून सांगायचा.

फेब्रुवारीच्या शेवटी त्याने कुंड्या वर जिन्याच्या खिडकीत उजेडाला आणल्या. एव्हाना काटक्यांना कोंबांचे डोळे फुटायला हवे होते. दोन आठवडे गेले, एकही फुटला नाही. शेवटी त्याने नखाने साल खरवडून पाहिली. आत हिरवे दिसायला हवे, तिथे तपकिरी. दुसरी कुंडी, तपकिरी. निळ्या कुंडीतली काटकी तर बोटाने दाबताच शिळ्या गाजरासारखी आत गेली. मातीवर पांढरा थर आला होता. त्याने बोट लावून चाखून पाहिले. अति तिथे माती म्हणतात, इथे तर मातीसुद्धा खारट झाली होती.

योडोक जिन्याच्या पायरीवर बसला तो बराच वेळ उठला नाही. झेंझी ओरडेल याची त्याला भीती नव्हती. ती ओरडणार नाही, कॉफीचा पेला घेऊन सज्ज्यात जाईल आणि तिथे काही नसेल, याची होती.

तीन दिवसांनी तो शेजारच्या फिलोमेनाकडे सुपाचे पातेले परत द्यायला गेला. झेंझी नसल्यामुळे ती बाई आठवड्यातून एकदा त्याला सूप पाठवायची, आणि त्याबद्दल आठवडाभर गावाला सांगायची. फिलोमेना पातेले ठेवायला आत गेली, आणि योडोकची नजर तिच्या जिन्यावरच्या उबदार खिडकीकडे गेली. चरबीच्या जुन्या डब्यात एक जिरेनियम होते. त्याला अवेळी एकच फूल आले होते. गुलाबी, आणि कडेला दारूच्या रंगाची रेघ.

'हिने चोरलं!' त्याच्या मनात पहिला विचार आला. त्या खोऱ्यात फांदी चोरणे हा काही गुन्हा नव्हे. मागून आणलेल्या फांदीपेक्षा चोरलेली चांगली जगते, आणि कोणी रोप दिलेच तर आभार मानायचे नाहीत, नाहीतर ते मरते, हे तिथे शाळेत जायच्या आधी शिकतात. पण झेंझीच्या आईच्या रोपाची फांदी चोरायची, आणि वर्षानुवर्षे तिच्याच टेबलावर केक खाताना अवाक्षर काढायचे नाही? दुसरा विचार आला तो असा, की मागितली तर कारण सांगावे लागेल, आणि संध्याकाळच्या प्रार्थनेआधी मीठपाण्याची कथा साऱ्या चर्चला पाठ झालेली असेल. तिसरा विचार करायच्या आत त्याने एक जोमदार फांदी मोडली, टोपीत घातली आणि टोपी डोक्यावर दाबली.

"बस, कॉफी टाकलीय," फिलोमेना आतून आली.

बसावे लागले, तेही लाकडांवर तापणाऱ्या भिंतीएवढ्या स्टोव्हशेजारच्या बाकावर.

"टोपी काढ की."

"राहू दे. डोक्याला गारठा लागतो."

"अरे, स्टोव्हला टेकून बसलायस!"

"तेव्हाच तर जास्त लागतो," योडोक म्हणाला. फिलोमेनाने त्याच्याकडे पाहिले आणि बायको नसली की पुरुषांचे असेच होते, अशा अर्थाने मान हलवली. दोन पेले कॉफी आणि केकचा एक तुकडा होईपर्यंत त्याच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या.

घरी येऊन त्याने ती फांदी एका पत्र्याच्या मगात लावली आणि माळ्यावर धुराड्याच्या उबेला, छपराच्या खिडकीखाली लपवली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात झेंझी आली.

काठी भिंतीला टेकवायच्या आधीच तिने विचारले, "कुंड्या?"

योडोकने सगळे सांगून टाकले. ओली पोती, बुरशी, फडके. लाकडांच्या ढिगामागे ओळीने ठेवलेली बारा प्रेतेही दाखवली.

"मीठपाणी?" झेंझी म्हणाली. "जिरेनियमला? पुसलंस?"

"दर दोन दिवसांनी."

झेंझी हसायला लागली. हसता हसता खुर्ची धरून बसली. "अरे देवा, थांब, गुडघा दुखतोय माझा!"

"हसतेस काय? अगं, तुझ्या आईचं रोप गेलं त्यात!"

"आईचं नाही गेलं. ते फिलोमेनाकडे आहे. जायच्या आदल्या दिवशी मीच ठेवलं. निळ्या कुंडीत बाजारातलं लावलं होतं, तुला वाईट वाटायला नको म्हणून."

"म्हणजे माझ्यावर तुझा विश्वास नव्हता," योडोक म्हणाला. त्याला खरेच लागले होते. "शेहेचाळीस वर्षं झाली लग्नाला."

"म्हणून तर नव्हता."

"मग त्या बारा तरी कशाला ठेवल्यास माझ्या गळ्यात?"

"हाताला काहीतरी काम नको? नाहीतर रोज दवाखान्यात येऊन तिथल्या पलंगांना तेल घालत बसला असतास."

योडोक उठून बाहेर गेला आणि त्याने दोन हिवाळे पुरतील एवढी लाकडे फोडली. फोडताना त्याच्या लक्षात आले, की आपण आपल्याच घरचे रोप शेजारणीकडून चोरले आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही टोपी घालून. आता हे सांगायचे म्हणजे आणखी एकदा हसू करून घ्यायचे. तो गप्प बसला.

पण त्यामुळे मगातल्या रोपाची पंचाईत झाली. माळ्याच्या जिन्याला चौदा पायऱ्या होत्या आणि प्रत्येकीला स्वतःचा आवाज होता. पाय ठेवला की खालून झेंझी विचारायची, "काय रे, काय करतोयस वर?" त्यामुळे दीड महिन्यात तो फक्त तीनदा वर जाऊ शकला. एकदा उंदराचा सापळा बघायला, एकदा गळकी कौले बघायला, आणि एकदा उगाच. दर खेपेला घाईघाईने एक घोट पाणी घालायचा आणि खाली पळायचा. फिरवायला, पुसायला, गोंजारायला वेळच मिळाला नाही.

एप्रिलच्या शेवटी फिलोमेना केक घेऊन आली. "रोप झकास आहे हो, झेंझी. थंड सोफीचा दिवस गेला की आणून देते. फक्त एक फांदी माझ्या मांजरीनं खाल्ली. दोन आठवडे कोंडून ठेवली होती मेलीला लाकडांच्या खोपटात."

योडोकला ठसका लागला. त्या संध्याकाळी त्याने मांजरीला चीजची चांगली हातभर साल नेऊन दिली.

थंड सोफीचा दिवस म्हणजे पंधरा मे. कॅलेंडरात त्याआधी तीन दिवस थंडीचे तीन संत येतात आणि चौथी ही बाई, ती जाईपर्यंत शहाणा माणूस कुंडी बाहेर काढत नाही. फिलोमेना शहाणीच होती, पण त्या वर्षी मेच्या सुरुवातीला ऊन भलते गोड पडले. समोरच्या खानावळीने नऊ तारखेलाच सगळा सज्जा फुलांनी भरला. चाळीस वर्षे गल्लीतला पहिला फुललेला सज्जा फिलोमेनाचा असायचा. खानावळीचे ते फुलणे काही तिला बघवले नाही. दहा तारखेला तिनेही कुंड्या मांडल्या, आणि परत द्यायच्या आधी जरा हवा लागू दे म्हणून चरबीचा डबाही.

तिन्ही संत गुपचूप गेले. पंधरा तारखेला सकाळी कुरण हिवाने मिठासारखे पांढरे झाले होते.

फिलोमेना आठ वाजता एप्रनखाली डबा घेऊन आली आणि दारातच रडू लागली. झेंझीने डबा हातात घेतला. पाने काळी पडून लोंबत होती. देठ थेट मातीपर्यंत मऊ झाला होता.

"शिव्या दे मला," फिलोमेना म्हणाली. "गप्प नको बसूस."

झेंझीने शिव्या दिल्या नाहीत. ती डब्याच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिली. "आई गेली तेव्हा मी फारशी रडले नव्हते," ती म्हणाली. "मला वाटलं, हे आहे ना."

योडोक उठला. माळ्याच्या जिन्याच्या चौदाही पायऱ्या एकामागून एक ओरडल्या. या वेळी कोणी काही विचारले नाही. तो खाली आला तेव्हा त्याच्या हातात पत्र्याचा मग होता. मगात एक बुटके, ताठ रोप. सात पाने आणि एक कळी, जराशी उकललेली. आत गुलाबी, कडेला दारूच्या रंगाची रेघ.

आधी फिलोमेनाच्या डोक्यात प्रकाश पडला. "ती टोपी!" ती ओरडली. "अरे चोरा! आणि मी त्या गरीब मांजरीला कोंडलं!"

"तिला चीज दिलंय मी," योडोक म्हणाला.

झेंझीने तो मग टेबलावर ठेवला, जवळ वाकून पाहिले, एका पानाला बोट लावले आणि चोळून वास घेतला. "किती दिवस झाले?"

"दोन महिने."

"आणि केलंस काय याला तू? खरं सांग."

योडोकने आठवून पाहिले. लपवण्यासारखे काहीच नव्हते, आणि त्याला त्याचीच लाज वाटत होती.

"काही नाही," तो म्हणाला.

झेंझीचे डोळे भरून आले. तिने नवऱ्याचा खरखरीत हात धरला आणि काहीतरी बोलायला तोंड उघडले.

"आभार नको मानूस!" फिलोमेना किंचाळली. "मरेल ते!"

झेंझीने तोंड मिटले. जिभेवर आलेले परत गिळायला तिला थोडा वेळ लागला.

"गाढवा," ती म्हणाली, आणि हात काही सोडला नाही.